सायव्वाचं पांढरं वरण

आमच्या गावात कुणी बिनहळदीचं वरण मागितलं, तर लोक त्याला आधी पाणी पाजतील आणि मग विचारतील, बाबा, बरं वाटतंय ना? तेलंगणात, आरमूरच्या पुढं आमचं गाव. जिकडं बघाल तिकडं हळद. माघापासून काहिली चढतात, हळद शिजते, वाळते, आणि मग सुरू होतात ते लोखंडी ढोल, हळकुंडं घासून चकचकीत करायचे. दिवसभर घडघड घडघड. पिवळी धूळ उडते ती पार चैत्र संपेपर्यंत खाली बसत नाही. केसात, नखात, भाकरीच्या पिठात, देवाच्या तोंडावर, सगळीकडं तीच.

आणि अशा गावात एक बाई रोज पांढरं वरण रांधून खाते. तीच ही सायव्वा. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एक. मी माझ्या ओसरीवर विड्या वळत बसते, ती तिच्या ओसरीवर नुसती बसते. रस्त्यानं कुणी गेलं की हाक मारते, "ए, इकडं ये. वर बघ." माणूस वर बघतो. ती अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढते, तोंड उजेडाकडं फिरवते, नीट बघते आणि म्हणते, "जा." झालं तिचं काम. पोस्टमन तर सायकलवरूनच डोळे वटारून दाखवतो. "बघ अव्वा, पांढरेशुभ्र! जाऊ का?" पोरंटोरं खिदळतात. मला नाही हसू येत. एक दिवस मी त्यातल्या एकाला विड्यांच्या सुपानं हाणणार आहे, सांगून ठेवते.

ही बाई पूर्वी कशी होती ते या पोरांना काय ठाऊक! कुणाचं बोट विळ्यानं कापलं की सायव्वा. पाय मुरगळला की सायव्वा. मुरगळल्या पायाला हळद-चुना कालवून गरमागरम लेप, असा की माणूस बोंबलत यायचा आणि शिव्या देत चालत जायचा. सर्दीनं डोकं जड झालं की ती हळकुंड दिव्यावर पेटवायची आणि त्याचा धूर नाकात घ्यायला लावायची. गोवर-कांजिण्यांना कडुनिंब आणि हळद, खरजेला तिळाचं तेल आणि हळद, खोकल्याला दूध-हळद. ढोलातून निघालेली गुळगुळीत हळद मात्र तिला चालायची नाही. "ती नटवी आहे, बाजारात मिरवायला बरी," म्हणायची. औषधाची हळद वेगळी. शेतातून निघालेले गड्डे न शिजवता ती चकत्या करून सावलीत वाळवायची आणि उखळात स्वतः कुटायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. तोंड फाटकं, पण हाताला गुण होता. मी स्वतः त्या हातानं बरी झालेली आहे, उगाच नाही सांगत.

फक्त स्वतःच्या घरात तिचा गुण चालला नाही. पोरं झाली आणि गेली. कुणी तान्हेपणी, कुणी रांगता रांगता. उरली ती सौजन्या. लिंबाद्री, म्हणजे सायव्वाचा नवरा, ढोलावर कामाला होता, तोही पोरगी शाळेत असतानाच गेला. त्यानंतर सायव्वानं त्या पोरीला कसं वाढवलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. रोज सकाळी न्हाणीत आरडाओरडा. "अम्मा, पुरे गं हळद!" "गप उभी राहा! हळदीनं काय झिजतेस का?" पोरगी गव्हाच्या रंगाची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आईसारखीच वटवट करणारी. तिचे हात पिवळे केले ते आदिलाबादकडच्या कापसाच्या गावात. जावई नरेंदर चांगला, पण लग्नानंतर वर्षभरात मस्कतला गेला. आमच्याकडचे निम्मे जावई तिकडंच असतात.

सौजन्याला दिवस गेले तेव्हा सायव्वा नाचायचीच बाकी होती. सातव्या महिन्यात जाऊन पोरीला घेऊन आली. ओटी भरली, चेहऱ्याला, हाताला, पावलांना हळद माखली, हिरव्या बांगड्या भरल्या. रात्री जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"लस्मे, एवढं एक सुखरूप पार पडू दे," ती म्हणाली. "देवानं माझ्याकडून पुष्कळ नेलं. ही एक माझ्या पदरात राहू दे. मग मला ने म्हणावं, आत्ता ने."

"तुला नेऊन देव काय करणार? त्याच्याही अंगाला हळद फासशील," मी म्हटलं. मग दोघी हसलो.

ढोल त्याच आठवड्यात सुरू झाले.

पहिल्यांदा ताप आला, तो दोन दिवसांत उतरला. मग अन्नावरची वासना उडाली. भाकरी बघितली की पोरगी तोंड फिरवायची. सायव्वा म्हणाली, "मलाही तिच्या वेळी असंच व्हायचं." मग ओकाऱ्या. "पोराला जावळ फार आहे." मग लघवी पिवळी व्हायला लागली. सौजन्यानं सांगितलंही, लाजत लाजत. पण आमच्या न्हाणीतली फरशी बारा महिने पिवळी, त्यात काय दिसणार? "ऊन किती पडलंय बघ. ताक पी," एवढंच सायव्वा म्हणाली. आणि मग अंगाला खाज सुटली. रात्र रात्र पोरगी खाजवत बसायची. खाजेला सायव्वाकडं औषध होतंच. आपली ती सावलीत वाळवलेली हळद, तिळाच्या तेलात कालवून, डोक्यापासून पायापर्यंत, रोज दोन वेळा. पोरगी खाटेवर पडलेली असायची, एखाद्या नव्या नवरीसारखी पिवळीधमक, आणि चादर पिवळी, उशी पिवळी.

त्याच सुमारास विहीण आली. भूमव्वा. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. सुनेला आवडतात म्हणून तांदळाची चकलीसारखी सकिनालं तळून आणली होती डबा भरून. खाटेपाशी उभी राहिली आणि पोरीकडं बघतच राहिली.

"ही अशी पिवळी का दिसते?" तिनं विचारलं.

सायव्वाच्या ओसरीवर आम्ही चार-पाच बायका विड्या वळत होतो. अशा हसलो म्हणता! पिवळ्या गावात येऊन ही बाई विचारतेय, पिवळी का!

"विहीणबाई," सायव्वा म्हणाली, "आमच्याकडं म्हशीसुद्धा पिवळ्या असतात. दूध काढायच्या वेळी या, दाखवते."

"तसं नाही," भूमव्वा म्हणाली. "डोळेसुद्धा..."

"धूळ जाते डोळ्यात! ढोल ऐकू येत नाहीत का? आणि ऐका. माझी पोर गव्हासारखी दिली होती तुम्हाला. तुम्ही उन्हात कापूस वेचायला लावून करपवलीत. आता आईच्या घरी आलीय, तर उजळवून घेते. तुमच्या काळ्या मातीत तुम्हाला हळदीची काय किंमत!"

हे जरा जास्तच झालं. भूमव्वाचा चेहरा पडला. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा अर्धा तसाच ठेवला आणि दुपारच्या बसनं निघून गेली. सौजन्या म्हणाली, "अम्मा, कशाला बोललीस?" आवाज इतका बारीक, की आम्हाला ओसरीवर जेमतेम ऐकू आला. डब्यातलं एकही सकिनम् तिनं तोंडात घातलं नाही.

आमची आशाताई पद्मा त्या महिन्यात मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी लसीकरणाच्या कामावर होती. ती परत आली त्या दिवशी सरळ सायव्वाकडं आली, सौजन्याला गोळ्या द्यायला. ऐन दुपार होती. पद्मानं हाक मारली, सौजन्यानं डोळे उघडले आणि परत मिटले. पद्मा खाली वाकली.

"पेद्दम्मा," ती म्हणाली. सायव्वाला ती मोठ्या मावशीच्या नात्यानं पेद्दम्मा म्हणायची. "हिचं तोंड धुवा."

"सकाळीच लावलीय. संध्याकाळी धुईन."

"आत्ता धुवा. साबणानं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी विड्या टाकून आत गेले. आम्ही दोघींनी धरून पोरीला अंगणातल्या दगडावर बसवलं. सायव्वानं पाणी ओतलं, साबण लावला. साबण लागला की हळद लाल होते, हे आमच्या लेकराबाळांनाही ठाऊक. दगडावरून लालभडक पाणी वाहत गेलं. सायव्वानं परत साबण लावला. पाणी थोडं कमी लाल. परत लावला. मग पाणी स्वच्छ यायला लागलं, अगदी नितळ. सायव्वानं पदरानं तोंड पुसलं.

पोरगी पिवळीच होती.

सायव्वानं परत साबण उचलला. गाल घासले, कपाळ घासलं, गळा घासला. मग घोसाळ्याची वाळकी जाळी घेतली आणि त्या जाळीनं घासायला लागली. पाणी स्वच्छच येत होतं. "आत मुरलीय," ती म्हणत होती, "माझी हळद कुटलेली आहे, बाजारातली नाही, ती मुरते. निघेल. आत्ता निघेल."

"अम्मा, दुखतंय," सौजन्या म्हणाली.

पद्मानं सायव्वाचा हात धरला. मग पोरीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून दाखवली. आतलं पांढरं कुठं गेलं होतं कोण जाणे. हळद लावलेल्या अक्षता असतात ना, तसं झालं होतं डोळ्याचं.

"धूळ आहे ती," सायव्वा म्हणाली.

"पेद्दम्मा, कावीळ आहे ही. आणि फार चढलीय."

सायव्वा पोरीशेजारी त्या ओल्या दगडावर बसली. बाई कधी घाबरलेली मी बघितलीच नव्हती. लिंबाद्री गेला तेव्हाही ती चूल पेटवत होती. त्या दिवशी जाळी तिच्या हातात तशीच राहिली.

सरपंचाची जीप मिळाली. निजामाबादच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दिवेलागणीच्या आत पोचलो. मी बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही आरडाओरडा केला नाही, केला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगितलं की ही कावीळ पाण्यातून येते, इतरांना ती बहुतेक वेळा सोडून देते, पण भरल्या पोटाच्या बाईला धरली की सोडायला फार अवघड असते. लवकर आणली असती तर आशा जास्त होती. आम्ही करायचं ते सगळं करतोय, म्हणाल्या. आमच्या खालच्या आळीतल्या तिघाचौघांना त्याच उन्हाळ्यात ती झाली होती, हे नंतर कळलं. ते ढोलावरचे गडी. त्यांना पिवळं कोण म्हणणार? भात-ताक खाऊन आपोआप बरे झाले ते.

दुसऱ्या दिवशी सौजन्या असंबद्ध बोलायला लागली. "अम्मा, ढोल बंद करायला सांग. डोकं फुटतंय." तिथं कुठले आले ढोल! खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. पण सायव्वा उठली, दारापर्यंत गेली आणि मोकळ्या बोळाकडं तोंड करून खरंच ओरडली, "ए, बंद करा रे ढोल! पोर झोपलीय माझी!" मग परत येऊन म्हणाली, "केले बंद, बिड्डा. झोप." सौजन्या झोपली. त्यानंतर ती नीट अशी उठलीच नाही.

पोरगी झाली. एवढीशी, माझ्या दोन ओंजळींत मावेल अशी, पण रडली. सौजन्यानं तिला बघितलं नाही. रक्त थांबेना. सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सायव्वाच्या शेजारी बाकावर बसल्या. त्या बसल्या तेव्हाच मला कळलं. सायव्वाला कळलं नाही. ती त्यांना म्हणाली, "बाई, तुम्ही सांगाल ते पथ्य करीन. हळद घरात ठेवणार नाही." त्या बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं हो.

सौजन्याला गावी आणलं तेव्हा ढोल बंद होते. ऐन हंगामात, कुणी न सांगता. सवाष्ण गेलेली, म्हणजे आमच्यात शेवटच्या आंघोळीला अंगभर हळद लागते, मळवट भरतात, नवी बांगडी चढवतात. पाट मांडला, पाणी तापवलं. कुणीतरी मोठं वाडगं भरून हळद कालवून आणली. आमच्या गावात हळदीला काय तोटा!

सायव्वा पाटाच्या आडवी उभी राहिली.

"हळद नको."

"अगं अक्का, असं काय करतेस?" बायका म्हणाल्या. "सवाष्ण आहे. तिला अशी पांढऱ्या अंगानं पाठवायची का?"

"पांढऱ्या अंगानं?" सायव्वा म्हणाली. "पांढरी असती तर जिवंत नसती का गं माझी?"

तेवढ्यात दारात भूमव्वा आली. निरोप मिळताच मिळेल त्या बसनं, दोघा दिरांबरोबर. बायका आपोआप बाजूला झाल्या. म्हटलं, आता ही बाई बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क आहे. सगळ्यांदेखत सायव्वानं तिचा पाणउतारा केला होता आणि खरं तिचंच होतं. भूमव्वा सावकाश पुढं आली. वाडगं धरलेल्या बाईच्या हातातून तिनं ते काढून घेतलं आणि दूर भिंतीशी ठेवून दिलं. मग सायव्वाच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "राग आला म्हणून निघून गेले मी. तसाच हात धरून पोरीला घेऊन जायला हवं होतं."

सायव्वानं तिच्याकडं बघितलं नाही. ओल्या फडक्यानं ती सौजन्याचं तोंड पुसत होती, आता हळूहळू, जराही न घासता. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली,

"विहीणबाई, तुमची नजर चांगली आहे. जरा बघून सांगा ना, माझी पोर कशी दिसतेय? मला मेलीला सगळं पिवळंच दिसतं."

भूमव्वानं सुनेच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही सगळ्याच बघत होतो. पोरगी कशी दिसत होती ते मी सांगणार नाही, ते आमच्या डोळ्यांतून अजून गेलेलं नाही.

"गव्हासारखी," भूमव्वा म्हणाली. "दिली होतीत तशीच आहे हो."

सायव्वानं मान डोलावली. "मग न्या," म्हणाली. आणि बिनहळदीची, नुसतं कुंकू लावून आम्ही सौजन्याला उचललं.

बाळ महिनाभर दवाखान्यातच होतं. ते घरी सोडायच्या दिवशी सायव्वाला सगळ्यांनी सांगितलं, नरेंदर मस्कतला, विहिणीचं वय झालंय, नात तूच ठेव, तुला दुसरं आहे कोण? भूमव्वासुद्धा तेच म्हणाली. सायव्वानं लेकरू घेतलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात त्याची पापणी ओढून बघितली. मग त्याच्या टाळूवर तोंड ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. इतका वेळ, की मला वाटलं, ही आता लेकरू ठेवूनच घेणार. आणि आली ती सरळ भूमव्वाकडं.

"तुम्ही न्या," ती म्हणाली. "आमच्या गावात माणसाचा रंग दिसत नाही."

आता ती पोर चालते, बोलते, आईसारखी वटवट करते. ढोल थांबून, पाऊस पडून, गाव धुऊन निघालं की भूमव्वा तिला बतुकम्माच्या, आमच्या फुलांच्या सणाला घेऊन येते आणि फुलं विसर्जन झाली की परत नेते. एरवी सायव्वा ओसरीवर बसते, पांढरं वरण खाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते. त्या सणाला पोरगी आल्या आल्या अंगणातल्या दगडावर स्वतःच जाऊन बसते, मान वर करते, दोन्ही हातांनी डोळे ताणते आणि ओरडते, "अव्वा, ये लवकर, बघून टाक! मला खेळायला जायचंय." सायव्वा येते, वाकते, आणि तिला काही ते लवकर उरकत नाही.